तळहात तेवढा तुझा

मला एका जागी बसवत नाही. बारशाला गेले तरी पाळण्याजवळ टेकायच्या आधी मी स्वयंपाकघरात डोकावून येते. बँकेत गेले तर रांग सोडून पुढं काय अडलंय ते बघते, आणि तिथं कुणी निवांत गप्पा मारताना सापडला तर त्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय परत फिरत नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, सगळ्यांना सांगायचे की आमच्या बाईच्या पायाला भिंगरी हाय आन् जिभेला बी.

अप्पा नेमके उलटे. नेकनूरला त्यांचं किराणा दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत ते रोज सकाळी पूजेला बसायचे, आणि एकदा बसले की बाहेर आभाळ कोसळलं तरी उठायचे नाहीत. बोलायचे नाहीत, फोन घ्यायचे नाहीत. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतलं गिऱ्हाईक उजाडतच दारात यायचं. आई गल्ल्यावरून एवढंच सांगायची, "पूजा चालू हाय." लोक मुकाट्यानं ओट्यावर टेकायचे. माझा मात्र जीव वरखाली व्हायचा, कारण समोरच्या दुकानात विक्री सुरू झालेली मला दिसत असायची आणि आमचे मालक आत डोळे मिटून बसलेले.

आम्ही लिंगायत. आमच्यात मुलगा असो की मुलगी, लहानपणीच गळ्यात इष्टलिंग बांधतात. घरात बोलताना आम्ही त्याला गळ्यातला देवच म्हणतो. पूजेच्या वेळी तो डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचा, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं, आणि पुन्हा गळ्यात. एरवी अंगावेगळा करायचा नाही. माणूस गेला की त्याला बसवून माती देतात आणि तोच देव त्याच्या डाव्या हातात ठेवतात. माझा देव बीडच्या घरी देवघरात असतो. माझ्यासारख्या घाईच्या पुष्कळ बायकांचा तिथंच असतो आणि त्याचं मला कधी काही वाटलेलं नाही. अप्पांच्या गळ्यातली चांदीची डबी मात्र मी कधी उतरलेली पाहिली नव्हती, अंघोळीलासुद्धा नाही. माझे धाकटे काका नेमधर्मात अप्पांपेक्षाही कडक. ते सांगायचे, "गळ्यातला देव अंगावेगळा झाला की समजायचं, माणूस गेला."

मी सांगतेय ते तीनेक वर्षांपूर्वीचं आहे. त्या दिवसांत जिल्ह्यातलं वातावरण फार बिघडलेलं होतं. रोज कुठं ना कुठं रास्ता रोको, रस्त्यात जळके टायर, एसटी बंद. इंटरनेटही बंद करून टाकलं होतं. माणसं एकमेकांचं आडनाव आधी विचारायची आणि मग पुढं बोलायचं की नाही ते ठरवायची. वर्षानुवर्षं एकत्र चहा पिणारी माणसं वेगवेगळ्या टपऱ्यांवर उभी राहायला लागली होती. मला हे सगळं बघून भीती कमी आणि संताप जास्त यायचा, आणि तो काढायला जागा नसायची.

अशात अप्पा दुकानाचा माल भरायला बीडला आले आणि बंदमुळं आमच्याकडेच अडकले. माझे यजमान माजलगावला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, गेलेले, ते तिकडे अडकले. आई नेकनूरला एकटी. गुडघ्यांमुळं तिचा प्रवास कधीचाच सुटला आहे. मी टीव्ही लावत होते, बंद करत होते, गच्चीवर जाऊन कुठं धूर दिसतोय का बघत होते आणि खाली येऊन पुन्हा टीव्ही लावत होते.

"बस की बाई," अप्पा म्हणाले. "तुझ्या चालण्यानं बंद मिटणार हाय का?"

"मंग तुमच्या बसण्यानं मिटणार हाय का?"

"न्हाई. पर फरशी तरी झिजत न्हाई."

अशा उत्तरांनी माझं डोकं फिरायचं. मला वाटायचं, देवावर भार टाकून बसणं म्हणजे दुसऱ्यांना पळायला लावणं. कुणीतरी पळतं म्हणून यांना बसता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पूजा करून उठले आणि तिथंच भिंतीला धरून खाली बसले. पोटात कळ आली होती. आधी मी ओवा दिला, हिंग दिलं. मग उलट्या सुरू झाल्या आणि पोट फुगायला लागलं. अप्पा दुखणं कधी बोलून दाखवत नाहीत. त्यांनी "बाई, रिक्षा बघ" म्हटलं तेव्हा मी तशीच शेजारी धावले. बंद असूनही शेजारच्यानं रिक्षा काढली, गल्लीबोळांतून आम्हाला एका दवाखान्यात आणलं. तपासण्या झाल्या. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, आतड्याला पीळ पडलाय, आजच पोट उघडावं लागेल. उशीर झाला तर आतडं काळं पडेल. त्यांचं वय पाहता पुढचं आत्ताच सांगत नाही.

"मग उघडा की," मी म्हणाले.

सर्जन तयार होते. ऑपरेशनची खोली तयार होती. भूल देणारे डॉक्टर तेवढे नव्हते. ते आदल्या दिवशी केजला गेलेले, परत येताना मांजरसुंब्याच्या फाट्यावर जमावात अडकले होते. शहरातल्या दुसऱ्या दोघांना फोन लावले, एक बाहेरगावी आणि दुसरे दुसऱ्या ऑपरेशनमध्ये. पेशंटला दुसरीकडे न्यावं तर सगळेच रस्ते अडलेले.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. आठवतात ती माझी भांडणं. काउंटरवरच्या पोरीशी भांडले, कारण ती पेपर वाचत होती. दारावरच्या वॉचमनमामांशी भांडले, कारण त्यांनी मला चपला बाहेर काढायला सांगितल्या. पोलिसांना फोन लावला, तिथं जो कुणी होता त्याच्याशी भांडले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि थकलेल्या आवाजात म्हणाला, "ताई, प्रयत्न चालूच हायत." यजमानांना फोन करून तुम्ही माजलगावला गेलातच कशाला म्हणून त्यांच्यावरही ओरडले, जणू आतड्याला पीळ त्यांनीच घातला होता. मधूनमधून खाटेजवळ जायचे. अप्पांचं तोंड राखेसारखं झालेलं, ओठ कोरडे, हातावर सलाईन, आणि दुसरा हात छातीवरच्या डबीवर.

"अप्पा, लई दुखतंय का?"

"दुखतंय की."

"मंग ओरडा तरी! तुमी ओरडत न्हाई म्हणून हितं कुणाला घाई न्हाई."

त्या स्थितीतही ते हसल्यासारखे झाले. "तू हायस की ओरडाया."

मला रडू फुटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हणाले, "जन्मभर त्येची पूजा केली. श्रावणात दर सोमवारी कपिलधारला पायी गेलात. कुठं हाय तुमचा देव? कुठं अडकलाय?"

अप्पांनी डोळे मिटले. कळ गेल्यावर म्हणाले, "मांजरसुंब्याला असंल. त्या भूलवाल्या डॉक्टरच्या गाडीत बसलाय. यायलाय."

मी तिथून उठून पुन्हा काउंटरवर गेले.

दुपार झाली तरी आई फोनवर एकच विचारत होती, "त्येंच्याजवळ कोण हाय?" मी म्हणायचे, मी आहे. "मंग बस त्येंच्याजवळ," ती म्हणायची. तिकडे काका नेकनूरहून मोटारसायकलवर निघाले होते, शेतातल्या वाटांनी, आडमार्गानं. बंदच्या दिवशी त्या माणसानं असं निघणं म्हणजे कमाल होती, कारण ते एरवी बीडच्या चौकात रस्ता ओलांडायलाही माझा हात धरतात.

आणि मग भूलतज्ज्ञ आले. गाडी फाट्यावरच सोडून कुणाच्या तरी दुचाकीवर मागं बसून. शर्टाला धुरळा, डोळे लाल. त्यांनी हात धुतले, अप्पांना तपासलं आणि एकदम सगळं धावायला लागलं. मला तेच हवं होतं. सह्या घेतल्या, कपडे बदलले, सिस्टर आल्या आणि अप्पांच्या गळ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हे काढा."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चांदी हाय ना ती? आत धातू चालत नाही, दोरा पण नाही. करंट लावून रक्त थांबवतात, भाजंल. काढा लवकर."

मी अप्पांकडे बघितलं. मला वाटलं, झालं. आता हे नाही म्हणणार, आणि यांच्या नाही पुढं कुणाचं चालत नाही. डॉक्टर जमावातून आले, आतडं अजून वाचतंय, आणि माझा बाप एका दोऱ्यापायी मरणार. मी तोंड उघडलं होतं. काय म्हणणार होते कुणास ठाऊक, बहुतेक सिस्टरशीच भांडले असते.

अप्पा म्हणाले, "बाई, पिशवीतली बाटली दे."

पिशवीत त्यांच्या पूजेचं सामान असतं, कुठंही गेले तरी. कपिलधारच्या पाण्याची छोटी बाटली, भस्माची गोळी, रुमालात गुंडाळलेली बेलाची पानं. त्यांनी स्वतः डबी उघडली. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, आता पूजा काय करता, आत डॉक्टर थांबलेत." अप्पांनी त्यांना हात जोडले. सलाईन डाव्या हाताला लावलेलं. तो तळहात त्यांना नीट पसरताच येईना. मला म्हणाले, "तुझा डावा हात कर पुढं."

मी केला. त्यांनी गळ्यातला देव माझ्या तळहातावर ठेवला. बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब, भस्माचं बोट, एक पान. मग तेच बोट माझ्या कपाळावर ओढलं. त्यांना दम लागत होता, तरी थांबून थांबून बोलले.

"पूजेच्या वक्ताला देव गळ्यात नसतोच, तळहातावर असतो. माझी पूजा चालू हाय. तळहात तेवढा तुझा. हलवू नको, खाली ठेवू नको, मधी उठू नको. मी आलो की पूजा संपवू."

आणि त्यांना आत नेलं.

मी बाकावर मांडी घालून बसले. डाव्या तळहातावर तो काळा गुळगुळीत दगड, चिंचोक्याहून थोडा मोठा, वर एक पान. डबीचा दोरा मनगटावरून लोंबणारा. समोर बंद दार. जिला पाच मिनिटं बसवत नाही तिला माझ्या बापानं बरोबर बांधून टाकलं होतं. आधी मला तसंच वाटलं, की ही त्यांनी माझी खोड मोडली. मरायला टेकलेला माणूस, तरी माझी फिरकी घ्यायचं सोडत नाही.

मग मी देवाशी भांडायला सुरुवात केली. तोंडानं नाही, मनात. एरवी तो देवघरात असतो आणि मी स्वयंपाकघरात, आमची गाठ पडत नाही. आज तो हातातच होता. मी त्याला म्हणाले, तुला ह्यांच्याइतकं कुणी जपलं नाही. म्हणाले, तुला लाज कशी नाही, सगळा जिल्हा पेटलाय आणि तू इथं पानाखाली बसलायस. म्हणाले, ह्यांना काही झालं तर मी देवघराला कुलूप घालीन. माझ्या नाकाला खाज आली, पायाला मुंग्या आल्या, खांदा भरून आला. दारामागं भांडी ठेवल्यासारखा आवाज झाला, आणि मी उठणार तोच पान हललं. मी पुन्हा बसले.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. भांडायचं सगळं संपलं. एकेक करून मला दिसायला लागलं की मी काय काय करू शकत नाही. आत डॉक्टरांचे हात होते, तिथं माझा हात पोचत नव्हता. फाट्यावरचा जमाव माझं ऐकणार नव्हता. आईचे गुडघे, यजमानांचा रस्ता, गावातली माणसं, उद्याचं काहीच माझ्या हातात नव्हतं. सकाळपासून मी जे धावत होते त्यानं एक खिळाही जागचा हलला नव्हता. भूलतज्ज्ञ आले ते कुणा अनोळखी माणसाच्या दुचाकीवर, आणि त्या माणसाला मी फोन केला नव्हता. त्याला कुणी थांबवलं, ते मला ठाऊक नाही. माझ्याकडं एकच काम उरलं होतं, हात हलू द्यायचा नाही. आणि ते मला जमत होतं. असं वाटलं की आतून काहीतरी सैल झालं. भीती गेली नाही. ती शेजारी बसली होती, पण तिचं मला उठवणं थांबलं.

पर्समधला फोन वाजायला लागला. वाजून थांबला, परत वाजला, परत. उजवा हात मोकळा होता, पर्स शेजारीच होती. फोन वाजतोय आणि मी घेत नाही, असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही. पण पूजेत फोन घेत नाहीत. जाणाऱ्या एका बाईनं थांबून सांगितलं, "ताई, तुमचा फोन वाजायलाय." मी काही बोलायच्या आत कोपऱ्यातून आवाज आला, "ऱ्हाऊ द्या. पूजा चालू हाय." सकाळी चपलांवरून ज्यांच्याशी भांडले होते ते वॉचमनमामा.

सर्जन बाहेर आले तेव्हा मला उठता येईना, पाय मेलेले. ते समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "वेळेत झालं. थोडं आतडं काढावं लागलं, पण झालं. संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येतील." मी मान हलवली. हात हलवला नाही.

मग आईला कळवायचं म्हणून एका हातानं फोन काढला. सगळे फोन नेकनूरचे. आईचे नाहीत, शेजारचे, भावकीचे, दुकानासमोरचे. मी घरी लावला. मागं बायकांचा रडण्याचा गलका ऐकू येत होता. मला वाटलं, आईला काही झालं. आईनंच उचलला.

"जेवलीस का?" ती म्हणाली.

"आई, कोण रडायलंय?"

"हितं सगळे रडायलेत. अप्पा कसे हायत?"

"बरे हायत. ऑपरेशन झालं. पर लोक कावून रडायलेत?"

"त्येंनाच सांग तू," ती म्हणाली आणि फोन कुणाच्या तरी हातात दिला.

झालं होतं ते असं. काका आडवाटांनी दवाखान्यात पोचले. जिना चढून वर आले. वॉर्डात अप्पांची खाट रिकामी. आणि पलीकडं बाकावर मी, कपाळाला भस्म, डोळे मिटलेले, आणि माझ्या तळहातावर अप्पांच्या गळ्यातला देव. दुसऱ्या कुणी हे बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, बाई देवाचं करतेय. पण काका आमच्यातले. जो देव फक्त माणूस गेल्यावरच अंगावेगळा होतो, तो त्यांनी दुसऱ्याच्या हातात बघितला. त्यांना माझ्याजवळ यायची हिंमत झाली नाही. ते तसेच खाली गेले, पायरीवर बसले, आणि गावात फोन केला की दादा गेले.

बंदमुळं दुकानं बंदच होती. सगळी माणसं घरी होती. सगळी आमच्या दारात आली. भावकीतले चारजण कुदळ-फावडं घेऊन समाधीच्या जागेवर गेलेसुद्धा, कारण दिवस मावळायच्या आत खड्डा तयार पाहिजे. गावातले इतर समाजाचे लोकही आले, त्या दिवसांत जे एकमेकांच्या दारात जात नव्हते तेही. आणि मी फोन घेत नव्हते.

आईचं मला पुढं शेजारच्या काकूंनी सांगितलं. बायका आल्या, गळ्यात पडल्या. आईनं विचारलं, कुणी सांगितलं? काकांनी म्हटलं तेच त्यांनी सांगितलं, की पोरीच्या हातात देव बघितला.

आई म्हणाली, "पोरीच्या हातात ना? मंग ते गेले न्हाईत. गेले असते तर देव त्येंच्या हातात असता."

बायकांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. त्या आणखीच रडायला लागल्या. आई उठली, खांबाला धरून देवघरात गेली आणि स्वतःचा देव तळहातावर घेऊन बसली. तशीच बसून राहिली, माझा फोन येईपर्यंत. त्या सगळ्या वेळात तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. काकू म्हणाल्या, देवाखाली तिनं दुसरा हात धरला होता, पडू नये म्हणून.

संध्याकाळी अप्पा शुद्धीवर आले. मी वाकून म्हणाले, अप्पा, पूजा संपवा. त्यांनी सलाईनच्या डाव्या हाताकडे बघितलं. अजून सुया तिथंच होत्या. मग पुटपुटले, "तूच संपव." मी पान काढलं, देव डबीत घातला आणि डबी माझ्या गळ्यात अडकवली, कारण सिस्टर त्यांच्या गळ्यात काही घालू देईनात. पाच-सहा दिवस मी रोज सकाळी त्यांच्या खाटेशेजारी त्यांची पूजा केली. पहिल्या दिवशी घाईनं. नंतर तेवढी घाई नव्हती. बंद उठला होता, रस्ते सुरू झाले होते. माणसांची मनं सुरू व्हायला मात्र अजून वेळ लागतोय.

काका आठवडाभर माझ्यासमोर आले नाहीत. आले तेव्हा अप्पांच्या पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. अप्पा म्हणाले, "कावून रडायलास बे? खड्डा मापात खांदलाय न्हवं?"

तो खड्डा हा मोठाच प्रश्न होऊन बसला. अर्धा खणून झालेला. कुणी म्हणे बुजवा, कुणी म्हणे असा खणलेला खड्डा मोकळा बुजवणं अशुभ, विधी करणाऱ्या स्वामींना विचारा. मी म्हणाले, त्यात काय विचारायचं, माती ढकला आणि मोकळे व्हा. भावकीत आठ दिवस ही चर्चा. शेवटी घरी आल्यावर अप्पांनीच मिटवली. दुकानदारच ते, म्हणाले, एवढी मजुरी वाया कशाला घालवायची. त्यांनी त्यात बेलाचं रोप लावायला सांगितलं.

मी एकदा आईला छेडलं होतं. ती जोंधळे निवडत बसली होती. मी म्हणाले, "देव माझ्या हातात हाय म्हणून ते जिवंत हायत, हे तुला कसं सुचलं गं?"

"सुचायचं काय त्यात? खरंच हाय की."

"आन् खरंच गेले असते तर?"

तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तर खड्डा तयारच व्हता."

तिनं मान वर केली नाही. सूप हलवत म्हणाली, "ज्यानं दिलते त्येच्याकडंच गेले असते. हिकडं बी त्योच, तिकडं बी त्योच. मला काय त्येच्यासंगं भांडाया जमतंय? ती कामं तुझी." पण बोलताना तिनं डोळ्यांना पदर लावला, आणि सुपातले जोंधळे, एकदा निवडून झालेले, पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले.

मी बदलले असं काही नाही. परवाच वीज बिलाच्या खिडकीत भांडून आले. रात्री बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाचा फोन उशिरा आला की अजून गच्चीवर जाते. गावात पुन्हा काही पेटल्याची बातमी आली की माझे पाय चालायला लागतात. फक्त हल्ली मला कळतं की मी चालतेय. त्याआधी तेही कळत नव्हतं.

बेल कमरेइतका झाला आहे. अप्पा रोज संध्याकाळी दुकान बंद करताना त्याला पाणी घालायला जातात. पोटाला टाके पडल्यापासून त्यांना वजन उचलवत नाही, म्हणून मी नेकनूरला गेले की घागर मी घेते. गेल्या महिन्यात गेले होते. आजूबाजूला सगळ्या आमच्या माणसांच्या समाध्या, मधे हे झाड, आणि त्याच्या आळ्याच्या काठावर अप्पा निवांत बसलेले, स्वतःच्याच जागेवर. मला ते दृश्य अजूनही सहन होत नाही. मी घाईघाईनं पाणी ओतायला लागले, म्हणजे लवकर घरी जाता येईल.

"बाई," ते म्हणाले.

"काय?"

"माझं झालं म्हंजी देव माझ्या हातात तूच दे. स्वामींना सांगून ठेवलंय मी. तुझ्या हाताची वळख झालीय त्येला."

ओठांवर शंभर उत्तरं आली. असलं कशाला बोलता, आत्ता कुठं काय झालंय, संध्याकाळच्या वेळी असं बोलू नये. मी त्यांच्या गळ्यातल्या डबीकडे बघितलं आणि "बरं" म्हणाले. घागरीत अजून थोडं पाणी होतं. तेही बेलाला घातलं, आणि अप्पा उठेपर्यंत शेजारी बसून राहिले.